चकार शब्द

८ जानेवारी, सोमवार

आली. एक बॅग, एक दप्तर आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर.

धाकटीने तिला दारातच सोडलं आणि दारातच डोळे पुसले. बस चुकली असती. प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून जागा मिळालीय, राहायला वसतिगृह, तिथे मुलं चालत नाहीत. "दादा, फक्त सहा महिने. मग खोली घेते आणि नेते." नवऱ्याचं घर सोडून तिला सतरा दिवस झाले. मान अजून डावीकडे वळत नाही तिची. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

मुंगी सहा वर्षांची. नाव धाकटीनेच पाडलेलं — चालते तेव्हा आवाज येत नाही म्हणून. माझी सख्खी भाची, पण याआधी चार-पाचदाच पाहिलेली. मेहुण्याला आमचं येणं-जाणं खपत नसे.

आत आली, खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि विचारलं, "मी कुठे बसू?"

म्हटलं, बस की कुठेही. तर तशीच उभी! शेवटी आईने स्टूल दाखवलं तेव्हा बसली. जेवायला हाक मारेपर्यंत त्या स्टुलावरून हलली नाही. चांगला पाऊण तास.

१० जानेवारी, बुधवार

शेजारीण म्हणाली, "असं गुणी पोर दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही!" आई फुशारली. खरं सांगायचं तर मीही. चव्वेचाळीस वर्षांचा बिनलग्नाचा माणूस, लहान मूल येणार म्हणून आठ दिवस धास्तावलो होतो. आणि ही तर कपड्यांच्या घड्यासुद्धा स्वतः घालते. बाथरूमला जायचं तरी विचारून जाते.

१४ जानेवारी, रविवार

आज कप फुटला.

मुंगीच्या हातून. दुधाचा, साधाच कप. आईने नुसतं "अगं बाई!" म्हटलं, तेही सवयीने. मुंगी रडली नाही. पळाली नाही. जागच्या जागी उभी राहिली आणि तिच्या फ्रॉकखालून पायांवर ओघळ आला. तोंडातून आवाज नाही. सहा वर्षांची मुलगी.

मी तुकडे उचलायला वाकलो. तिने डोळे गच्च मिटले. मान खांद्यात ओढून घेतली आणि वाट बघत राहिली.

कशाची, ते मला कळलं. लगेच कळलं! पण मी तुकडे गोळा केले, फरशी पुसली आणि आईला म्हटलं, "तिचे कपडे बदल."

संध्याकाळी आई म्हणते, "धाकटीने वळण चांगलं लावलंय हो." वळण!

आणखी एक. जिन्यात पाऊल वाजलं की ही मान न वळवता सांगते — "वरचे आजोबा." "दूधवाली." "मामा, तुमच्या दुकानाचे मालक नाहीत, दुसरं कोणीतरी आहे." एकदाही चुकलेली नाही.

१९ जानेवारी, शुक्रवार

शाळेत बोलावणं. वाटलं कौतुक असेल. अर्धं होतंही. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "शांत आहे, सांगितलेलं ऐकते, कुणाच्या अध्यात ना मध्यात." मग जरा थांबून, "पण तिच्या डोक्यात काही जात नाही हो. फळ्यावर लिहिलेलं वाचता येत नाही. गोष्ट सांगितली तर शेवटी तिला विचारावं, तर पहिलं वाक्यही आठवत नसतं. सगळं लक्ष दाराकडे. नजर कमी आहे का बघा."

एवढंच ना! नजर तर आमच्या घरचा धंदा.

२० जानेवारी, शनिवार

मुंगीला दुकानात नेलं. पुढे मालक डोळे तपासतात, मागच्या खोलीत मी चाकावर काचा घासून फ्रेममध्ये बसवतो — बावीस वर्षं हेच. मालकांनी तिला खुर्चीत बसवलं. शेवटच्या ओळीतलं बारीकातलं बारीक अक्षर तिने ओळखलं. कुजबुजत, पण बिनचूक.

"काही नंबर नाही हिला," मालक म्हणाले. "गरुडाची नजर आहे."

मग फळा का दिसत नाही?

निघण्याआधी मी एक राहिलेली काच घासायला घेतली, चाकाचा आवाज सुरू झाला — पाणी सोडून काच लावली की किंचाळतंच ते — तर मागे वळून बघतो, मुंगी टेबलाखाली. मी चाक बंद केलं. तिला बाहेर ये म्हणायचं सुचलं नाही. मीही खालीच बसलो, जमिनीवर, थोडा लांब. पाच मिनिटांनी ती म्हणाली, "संपलं?"

३० जानेवारी, मंगळवार

शाळेच्या बाईंनीच चिठ्ठी दिली, म्हणून इस्पितळात मुलांच्या विभागात गेलो. डॉक्टरबाई पन्नाशीच्या. चष्म्याची डावी काडी सैल — सारखा नाकावर घसरत होता. हात शिवशिवत होते माझे.

मुंगीला त्यांनी ठोकळे दिले. तिने ते रंगाप्रमाणे लावले आणि हात मांडीवर ठेवून बसली.

मला विचारलं, "घरी काय होत होतं?" जे माहीत होतं ते सांगितलं. आरडाओरडा. भांडी फेकणं. धाकटीला मारणं. मुंगी तीन महिन्यांची असल्यापासून. "पण मुलीला त्याने कधी हात लावला नाही," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे, जणू त्याची बाजू मांडायला गेलो होतो!

"लावायची गरज नसते," त्या म्हणाल्या.

मग जे सांगितलं ते जसं आठवतंय तसं लिहून ठेवतो. लहान मुलाच्या मेंदूत धोक्याची घंटा लवकर तयार होते. ब्रेक मात्र सावकाश — राग आवरणं, थांबणं, लक्ष देणं, लक्षात ठेवणं. ते पार विशी ओलांडेपर्यंत घडत असतात. घंटा कधीमधी वाजली तर काही बिघडत नाही. जवळचं कुणी उचलून घेतं, घंटा थांबते, आणि थांबते हे मूल शिकतं. पण घंटा रोजच वाजत राहिली आणि उचलून घेणारी आईच घाबरलेली असली, तर शरीर कायम तयारीत राहतं. मग अभ्यासाला, खेळाला काही उरत नाही. "ती दाराकडे बघते ना, तोच तिचा अभ्यास. त्यात ती पहिली आली असती."

मी विचारलं, मेंदू बिघडलाय का तिचा?

"बिघडला नाही हो. त्या घरात जगायला जे लागतं ते शिकला. आता दुसरं घर आहे, हे त्याला पटायला हवं. नुसतं सांगून नाही पटत. रोज तेच घडावं लागतं. पटतं मात्र — वय लहान आहे, पुष्कळ सुधारतं."

दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आता कदाचित ती वाईट वागायला लागेल. आदळआपट करेल. तसं झालं तर मला कळवा. चांगली खूण असते ती."

लोक बरं व्हायला डॉक्टरकडे जातात. आम्हाला बिघडायची वाट बघायला सांगितलंय.

१२ फेब्रुवारी, सोमवार

कळवायला हवं डॉक्टरांना.

सकाळी मोज्याची शिवण बोटाला टोचली. मोजा भिरकावला. मग बूट. मग दुसरा बूट, तो माझ्या चहात! आणि मग जी किंचाळली — बापरे. त्या एवढ्याशा छातीत एवढा आवाज कुठे होता इतके दिवस? चाळीस मिनिटं. शाळा बुडाली, माझा अर्धा दिवस बुडाला. शेवटी फरशीवरच झोपून गेली, तोंड उघडं टाकून.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आजही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आईला चावली. दंडाला, रक्त निघेपर्यंत. कारण? आईने तिच्या ताटातला उरलेला बटाटा उचलला.

आई संतापली. "दोन ठेवून दिल्या असत्या तर कशाला हे दिवस दिसले असते? ती डॉक्टरीण आणि तू मिळून डोक्यावर बसवताय. तुम्ही नाही का वाढलात? तुमच्या बापाचा काय कमी दरारा होता? तो जिन्यात खाकरला की तुम्ही दोघं पुस्तक काढून बसायचात. काय वाईट झालं तुमचं?"

आईला उलट उत्तर द्यायला मी कधीच शिकलो नाही. एवढं मात्र मनात आलं — धाकटीने अगदी बापासारखाच नवरा शोधला. आणि मी? मी मागच्या खोलीत काचा घासतो. तोंड दाराकडे करून. मालकांनी दोनदा मशीन फिरवायचं काढलं, दोनदा मी काहीबाही सांगून टाळलं.

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

शेजारणीचा सूर पालटलाय. "आधी किती गुणी होती! काय केलंत तुम्ही तिला?"

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

थकलो. आज घासताना दोन काचांचा कडेला टवका उडाला, दोन्ही महागाच्या. मालक चांगला माणूस, म्हणाले, "घरी जा, झोप काढ." घरी जाऊन झोप! घरी तर खरी पाळी सुरू होते.

डॉक्टरांनी पद्धत सांगितलीय. ती पेटली की समजावायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, शाळेत काय शिकवतात त्याची आठवण करून द्यायची नाही. जवळ बसायचं, तिच्या उंचीला. हळू श्वास घ्यायचा. कमी बोलायचं — "मी इथेच आहे." बस्स. "मुलं आपणहून शांत होत नाहीत. आधी मोठ्या माणसाची शांती उसनी घेतात. शंभरदा उसनी घेतली की मग हळूहळू स्वतःची तयार होते."

ऐकायला सोपं. पण उसनं द्यायला आधी गाठीशी पाहिजे ना! ती किंचाळते तेव्हा माझ्या कानात गरम शिसं ओतल्यासारखं होतं. "मी इथेच आहे" म्हणतो खरा, पण निम्मा वेळ मी कुठे असतो मलाच ठाऊक नाही.

तरी आज चाळीसची वीस मिनिटं झाली. मी घड्याळ लावलं होतं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

"मामा, उद्या काय काय होणार ते सांगा." आता रोज विचारते. मी सांगतो — उठणार, दूध, शाळा, आजी आणायला येणार, जेवण, खेळ, मी येणार, आंघोळ, गोष्ट, झोप. एक जरी पुढेमागे झालं तरी चालत नाही. आगगाडीचं वेळापत्रकही इतकं काटेकोर नसेल.

५ मार्च, मंगळवार

कोर्टाची नोटीस. त्याने मुलीचा ताबा मागितलाय.

धाकटीला फोन केला. तिने नोटीस दोनदा वाचायला लावली. मग, "दादा, तो जिंकेल. तो नेहमी जिंकतो."

११ मार्च, सोमवार

वकीलबाई तरुण आहेत, चटपटीत. सगळे कागद टेबलावर मांडले. शाळेचा जानेवारीचा शेरा — "शांत, आज्ञाधारक." मार्चचा — "एका मुलीला ढकलले. पुस्तक फाडले. शिक्षिकेच्या अंगावर धावून गेली." वकीलबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बोलायची गरजच नव्हती.

"म्हणजे बापाकडून आली तेव्हा देवता," मी म्हटलं, "आणि आमच्याकडे राहून राक्षस झाली!"

"कागदावर तसंच दिसतं खरं," त्या म्हणाल्या. "डॉक्टर साक्ष देतीलच. पण तारखेच्या दिवशी मुलीने जरा... सांभाळून घेतलं तर बरं. तीन एप्रिल."

सांभाळून घेतलं तर. हे सहा वर्षांच्या पोरीबद्दल!

१५ मार्च, शुक्रवार

एक चांगलं लिहून ठेवतो, नाहीतर या वहीत नुसतं रडगाणंच राहील. आज तिने पहिल्यांदा हट्ट केला. खरा हट्ट, लहान मुलांचा असतो तसा. लाल पेन्सिल हवी, निळी नको. आणून दिली तर म्हणे, आता निळी हवी! आणि माझ्याकडे तिरप्या नजरेने बघून हसली. माझी फिरकी घेत होती कार्टी.

२५ मार्च, सोमवार

आज मी एक वाईट काम केलं.

तारीख जवळ आली म्हणून डोकं ठिकाणावर नव्हतं. संध्याकाळी तिने पाण्याचा तांब्या लवंडला, मुद्दाम. मी तिला समोर उभं केलं आणि म्हटलं, "हे बघ मुंगे, तिथे मोठी माणसं असतील. तिथे असं वागलीस तर ते तुला बाबांकडे पाठवतील. शहाण्यासारखं वागायचं. आवाज काढायचा नाही. समजलं?"

मी ओरडलो नाही. हळूच बोललो. पण तिच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम पुसलं गेलं — फळा पुसावा तसं.

"हो मामा," म्हणाली. स्वेटर घातला. बटणं लावली, गळ्यापर्यंत.

२६ मार्च, मंगळवार

दिवसभर आवाज नाही. उद्या काय होणार तेही विचारलं नाही. बाथरूमला जायला पुन्हा परवानगी मागते.

आई म्हणाली, "बघ, धाक लागतोच." मला पहिल्यांदाच आईचा राग आला. आणि मग दुप्पट स्वतःचा.

२८ मार्च, गुरुवार

दुकानातून लवकर निघालो. तिच्यासमोर फरशीवर बसलो आणि म्हटलं, "माझं चुकलं. मी तुला भीती घातली. मोठ्या माणसांनी असं करायचं नसतं. कोर्टात तुला जसं वाटेल तसं वाग. रड, ओरड, काहीही कर. मी तरी तुला घेऊनच घरी येणार. आणि नाही आणता आलं, तर तो तुझा दोष नसेल."

शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं. पण खोटंही बोलायचं नव्हतं.

ती ऐकत होती की नाही कोण जाणे. बराच वेळ माझ्या बुटाची नाडी सोडत आणि बांधत बसली. मग एकदम उठली आणि माझ्या गुडघ्यावर सणसणीत लाथ मारली!

आयुष्यात कुठल्या लाथेचा इतका आनंद झाला नसेल.

३ एप्रिल, बुधवार

झालं एकदाचं.

खोली लहान, टेबल मोठं. न्यायाधीशबाई, दोन्हीकडचे वकील, डॉक्टरबाई, धाकटी, मी, आई. मुंगी बाहेर बाकावर, शाळेच्या बाईंसोबत. बाई रजा टाकून आल्या होत्या. दार अर्धवट उघडं.

तो आला — गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, आवाज साखरेत घोळलेला. कोणीही म्हणेल, किती सभ्य माणूस. "बाईसाहेब, मुलीवर मी कधी हात उगारलेला नाही, शपथेवर सांगतो. माझ्या घरी असताना ही पोर चकार शब्द काढायची नाही. आता शाळेचे कागद बघा. काय केलं या लोकांनी तिचं!"

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "चकार शब्द नाही?"

"नाही."

"कधी हट्ट?"

"नाव नको. शिस्त होती घरात."

"रडायची कधी?"

"अजिबात नाही." अभिमानाने!

"सांडलवंड? लहान मुलांच्या हातून होते ना."

"सांडायचीच नाही, बाईसाहेब. तिची हिंमत नव्हती."

शेवटचं वाक्य बोलला आणि त्याचं त्यालाच जाणवलं. त्याच्या वकिलाने कागदात तोंड घातलं. न्यायाधीशबाईंनी काहीतरी लिहून घेतलं, सावकाश. मग डॉक्टर बोलल्या. घंटा, ब्रेक वगैरे सगळं, पण मला सांगितलं होतं त्याहून कमी शब्दांत. "सहा वर्षांची मुलगी कधीच रडत नसेल, तर तो शांतपणा नव्हे. ती गोठलेली असते. आत्ता जे दिसतंय तो बर्फ वितळतोय. घाण पाणी येणारच."

मग त्याच्या वकिलाने विनंती केली, मुलीची आणि वडिलांची समोरासमोर भेट व्हावी. शिपाई बाहेर गेला. आणि बाहेर जो गोंधळ उडाला! मुंगीने बाकाच्या पायाला मिठी मारलेली. "नाही! मला नाही जायचं! नाही!" अख्ख्या इमारतीला ऐकू जावं असा आवाज. मी डोळे मिटले. संपलं, म्हटलं. सगळं त्याच्या म्हणण्यासारखंच झालं.

आणि तो दाराकडे वळून म्हणाला, "गप्प बस!"

मोठ्याने नाही. दोनच शब्द. पण साखर गळून पडली होती.

मुंगीचा आवाज कापल्यासारखा बंद झाला. धाकटी खुर्चीत आक्रसली होती. आणि मी... हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझे दोन्ही हात माझ्या डोक्यावर होते. कोपरं पुढे, चेहरा आत. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, भर कोर्टात. कधी गेले हात वर, मला माहीत नाही.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. घोगरी, बारीक.

"मामा!"

इतकी वर्षं ती घाबरली की गप्प व्हायची. आज घाबरली आणि हाक मारली.

मी हात खाली घेतले, कुणाला न विचारता उठलो आणि बाहेर गेलो. तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. ती थरथरत होती, मीही. म्हटलं, मी इथेच आहे. या वेळी खरंच होतो.

न्यायाधीशबाई दारात येऊन बघत उभ्या होत्या. कधीपासून, माहीत नाही.

४ एप्रिल, गुरुवार

दुकानात गेलो नाही. दिवसभर झोपलो. मुंगीही.

७ एप्रिल, रविवार

आई सकाळी बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तू तिच्याएवढा असताना पलंगाखाली झोपायचास."

मी म्हटलं, मला आठवत नाही.

"रोज. मी लोकांना सांगायचे, याला तिथे गारवा मिळतो. लोक हसायचे. मीही हसायचे." सुरी थांबली. "त्या दिवशी कोर्टात तुझे हात बघितले मी."

एवढंच. मग म्हणाली, "मीठ संपलंय, येताना आण." आणलं.

संध्याकाळी मुंगीने ताट ढकलून दिलं तेव्हा आई उठली. मी घाबरलो. पण आई गुडघे धरत, कण्हत तिच्याशेजारी फरशीवर बसली आणि म्हणाली, "बरं बाई. मी आहे हो इथे." चौऱ्याहत्तराव्या वर्षी! परत उठवायला मला दोन्ही हात द्यावे लागले.

१९ एप्रिल, शुक्रवार

निकाल लागला. ताबा आईकडे — म्हणजे धाकटीकडे. तिला खोली मिळेतोवर मुलगी आमच्याकडे. बापाची भेट महिन्यातून एकदा, अधिकाऱ्याच्या समोर, तीही मुलगी तयार असेल तरच.

धाकटी फोनवर रडली, हसली, पुन्हा रडली. मुंगीला सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे उद्या शाळा आहे?"

आहे.

३० एप्रिल, मंगळवार

सगळं गोडगोड झालं असं नाही. काल दुकानाच्या काउंटरवरचा आरसा फोडला. शाळेत आठवड्यातून एकदा तरी काहीतरी होतंच. पण आता स्वतः येऊन सांगते, "मामा, माझ्या पोटात घंटा वाजतेय." मग आम्ही जाऊन जिन्याच्या पायरीवर बसतो. कधी थांबते, कधी नाही थांबत. वीसची आठ मिनिटं झालीत.

आणि फळ्यावरचं वाचायला लागलीय! अडखळत. बाईंनी वहीत चांदणी काढून दिली. ती मला दाखवली, आजीला दाखवली, मालकांना दाखवली, दूधवालीला दाखवली.

३० जून, रविवार

धाकटी आली. मान आता वळते. खोली मिळालीय, एका खिडकीची. प्रयोगशाळेतही कायम केलंय.

मुंगी सकाळपासून माझ्याशी भांडत होती. मी दप्तर चुकीचं भरलं, वेणी चुकीची घातली, मी मुळातच चुकीचा. धाकटी घाबरून बघत होती — "दादा, ही अशी बोलते?" मी म्हटलं, बोलू दे. तुझ्याशीही बोलेल. बोलली तर बरं समज.

बसमध्ये बसल्यावर काचेला नाक लावलं. हात हलवला नाही. जीभ काढून दाखवली.

घर शांत आहे. या शांततेची वाट सहा महिने बघत होतो. आता ती काही बरी वाटेना.

४ जुलै, गुरुवार

दुपारी इस्पितळात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी ओळखलं. "मुलांचा विभाग डावीकडे. भाची कुठेय?"

म्हटलं, "ती नाही आली. माझाच नंबर लावा."